राजीनामा दिला, की द्यायला लावला?

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस खुले पत्र



पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज दोनमधल्या एका इमारतीत घडलेला हा प्रसंग आहे. सोळा वर्षे नोकरी झालेल्या एका अभियंत्याच्या कॅलेंडरवर गुरुवारी दुपारी चार वाजताचे बोलावणे आले. विषय म्हणून ‘कनेक्ट’ एवढाच शब्द. चार खुर्च्यांची काचेची खोली. आत एचआरमधली एक तरुण मुलगी होती आणि शेजारी एक गृहस्थ, ज्यांना त्याने यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्याचा स्वतःचा मॅनेजर नव्हता. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितले होते. टेबलावर पाण्याची एक बाटली त्याच्यासाठी आधीपासूनच मांडून ठेवली होती, आणि काहीतरी वाईट ऐकायचे आहे हे त्याला त्या बाटलीवरूनच कळले.

बोलणे वीस-बावीस मिनिटांत आटोपले. तुमच्या प्रोफाइलला सध्या मागणी नाही. आज पोर्टलवर राजीनामा टाकलात तर तीन महिन्यांचा बेसिक आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाही टाकलात तर टर्मिनेशन होईल, आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते दिसेल. विचार करायला वेळ हवा असेल तर सहा वाजेपर्यंत बसा इथेच.

लॅपटॉप त्याच्याकडे वळवला गेला. राजीनाम्याच्या पानावर ‘कारण’ नावाचा रकाना होता आणि त्यात आधीच भरून ठेवलेली यादी: चांगली संधी, उच्च शिक्षण, कौटुंबिक कारण, प्रकृती, स्थलांतर, वैयक्तिक. त्याने ती यादी दोनदा खाली-वर केली. ‘कंपनीने सांगितले म्हणून’ असा पर्याय तिथे नव्हता. त्याने ‘वैयक्तिक’ निवडले. सहाच्या आत त्याचे ओळखपत्र जमा झाले होते.

महोदय, आपल्या खात्याच्या दृष्टीने त्या गुरुवारी त्या इमारतीत कुणाचीही नोकरी गेली नाही. एका कर्मचाऱ्याने वैयक्तिक कारणासाठी राजीनामा दिला, एवढेच घडले. हे पत्र त्या एका नोंदीबद्दल आहे.

कपात करूच नये, असा या पत्राचा हट्ट नाही. माहिती-तंत्रज्ञानाचा धंदा परदेशी ग्राहकांच्या खर्चावर चालतो. तिकडे बँकेने किंवा विमा कंपनीने प्रकल्प थांबवला की इथली माणसे रिकामी होतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. जगभर तेच चालले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार लोक कमी केले, २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात सुमारे ६ हजार आणि जुलैत सुमारे ९ हजार. पण तिथे ती कपात म्हणून जाहीर होते आणि कपात म्हणूनच मोजली जाते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा राजीनाम्यांच्या ढिगात मिसळून जाते.

मोठे उदाहरण सर्वांसमोर आहे. २०२५ च्या जुलैअखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसांची कपात करणार असल्याचे सांगितले. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होईल, असेही तेव्हाच स्पष्ट केले. कंपनीच्या प्रमुखांनी त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे असल्याचे म्हटले. जूनअखेर कंपनीत ६ लाख १३ हजार ६९ माणसे होती. सप्टेंबरअखेर ती ५ लाख ९३ हजार ३१४ झाली. तीन महिन्यांत १९ हजार ७५५ माणसे कमी. या आकड्यात ज्यांना काढले ते आहेत, तशीच दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून आनंदाने गेलेली माणसेही आहेत. बाहेरून बघणाऱ्याला दोघांत फरक करता येत नाही.

त्याच सुमारास ‘नाइट्स’ या पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामे द्यायला लावल्याचा आरोप केला. कंपनीने तो साफ नाकारला, बाधित कर्मचाऱ्यांची संख्या मर्यादित आहे असे सांगितले. दोघांपैकी कोणाचे खरे, हे ठरवणे या पत्राचे काम नाही. ते सरकारचे काम आहे, आणि सरकारला ते करता येत नाही, कारण राजीनामा कसा आला हे विचारणारी यंत्रणाच आपल्याकडे नाही. अडीच हजार आणि ‘मर्यादित’ यांच्यामध्ये कितीतरी घरे आहेत. त्या घरांचे हप्ते, शाळेची फी, आईवडिलांची औषधे आहेत. एवढी मोठी गोष्ट आरोप आणि खुलासा यांवर सोडून द्यावी, हे महाराष्ट्रासारख्या राज्याला शोभत नाही.

पिंपरी-चिंचवडला नोकऱ्या जाणे नवे नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून त्या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली. तो शब्द घराघरांत पोचला, शिवीसारखा पोचला. पण व्हीआरएसची योजना सूचनाफलकावर लागत असे. किती वर्षांच्या सेवेला किती रक्कम, याचे गणित छापलेले असे. युनियनचे लोक वाटाघाटी करत, घरी बायकोला विचारायला चार दिवस मिळत. ज्यांनी ती घेतली त्यांतले अनेक जण आज पस्तावतात हे खरे. तरीही कंपनी आपल्याला कमी करते आहे, हे कागदावर लिहिलेले होते. त्याच कामगारांची मुले पुढे इंजिनिअर झाली आणि वाकड ओलांडून हिंजवडीला कामाला लागली. वडिलांच्या वाट्याला आला तेवढाही कागद मुलाच्या वाट्याला येत नाही.

कायदा नाही म्हणून असे होते का? तसे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी, कारण नमूद केलेली नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन द्यावे लागते, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते, सरकारला कळवावे लागते. शेवटी आलेला आधी जाईल हे सर्वसाधारण तत्त्व पाळावे लागते, आणि ते मोडायचे तर कारण नोंदवावे लागते. वर्षाच्या आत पुन्हा भरती करायची झाली तर आधी कमी केलेल्यांना संधी द्यावी लागते. यातले बरेचसे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते. नव्या संहितेने त्यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली आहे: कपात झालेल्या प्रत्येकासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत त्या माणसाच्या खात्यावर जमा व्हायची. वेतन संहिता तर सांगते की नोकरी कोणत्याही मार्गाने संपो, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. हिंजवडीत ‘एफएनएफ’ची, म्हणजे अखेरच्या हिशेबाची, वाट महिना-दीड महिना पाहणे इतके अंगवळणी पडले आहे की दोन दिवसांचे ऐकून तिथली मुले चकित होतात.

सोळा वर्षे नोकरी केलेल्या त्या अभियंत्याचेच गणित मांडून पाहा. वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे सोळा वर्षांचे आठ महिन्यांचे वेतन. हे वेतन कायद्याच्या व्याख्येतले, दरमहा हातात पडते तेवढे नव्हे. तरीही आठ महिने. त्याला मिळाला तीन महिन्यांचा बेसिक. उरलेला फरक त्या ‘वैयक्तिक’ या एका शब्दाने खाल्ला. कारण राजीनामा म्हटला की कपातीची सगळी कलमे एका झटक्यात बाजूला पडतात. नोटीस नको, भरपाई नको, सरकारला कळवायला नको, निधी नको.

कंपन्यांच्या बाजूने दुसरी भिंत उभी आहे ती ‘कामगार’ या शब्दाची. संहितेतले हे संरक्षण कामगाराला आहे. कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगारच असतो. पण मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून वगळला जातो, आणि महिन्याला १८ हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षकही. हिंजवडीत जेमतेम वर्षभराचा अनुभव असलेला मुलगाही त्याहून अधिक मिळवतो. म्हणजे एखाद्यावर ‘पर्यवेक्षक’ असा शिक्का मारता आला की तो कायद्याबाहेर गेला.

इथे या क्षेत्रातल्या बढतीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण खरा घात तिथे आहे.

सांगली, लातूर किंवा जळगावच्या महाविद्यालयातून एक मुलगी कॅम्पसमधून निवडली जाते. पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वीही सुरुवातीचा पगार जवळपास एवढाच होता, तेवढ्या काळात वाकडचे भाडे मात्र कुठल्या कुठे गेले. पहिली चार-पाच वर्षे ती खरोखर कोड लिहिते. चुका शोधते, रात्री दोनला उठून बंद पडलेली प्रणाली चालू करते. मग ती टीम लीड होते. मग मॉड्यूल लीड. दहाव्या वर्षी पदनामात ‘मॅनेजर’ येते. गावी पेढे वाटले जातात. तिच्या दिवसाचे स्वरूप आता पार बदललेले असते: सकाळी स्टेटस कॉल, मग बाराजणांच्या टाइमशीट तपासणे, ग्राहकाला पाठवायची सादरीकरणे, कोण किती टक्के बिलेबल (ग्राहकाकडून पैसे मिळणाऱ्या कामावर) आहे याची एक्सेल, संध्याकाळी अमेरिकेशी कॉल. तिने शेवटचा कोड लिहून बरीच वर्षे होतात.

हे तिने मागून घेतलेले नाही. बहुतेक सेवा-कंपन्यांत वर चढायचा रुंद जिना एकच आहे, आणि तो व्यवस्थापनाकडे जातो. उत्तम प्रोग्रॅमर म्हणून वीस वर्षे राहायचे म्हटले तर अप्रेझलमध्ये ‘पुढची पायरी घ्यायला तयार नाही’ असा शेरा पडण्याची भीती असते. रेटिंगच्या बेल कर्व्हमध्ये कुणीतरी खाली बसवायचाच असतो, तेव्हा तो शेरा हाताशी येतो. म्हणून सगळे चढतात. कंपनीचा मनोरा खाली रुंद आणि वर निमुळता असतो. नफा खालच्या स्वस्त थरावर चालतो, आणि मधला थर वर्षागणिक महाग होत जातो. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली नजर त्याच मधल्या थरावर जाते.

आणि तेव्हा त्या मुलीला, आता चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला, सांगितले जाते की तुम्ही टेक्निकल राहिला नाहीत. जी पायरी चढ म्हणून कंपनीने दहा वर्षे पाठीवर थाप दिली, त्याच पायरीवर ती आता अडचण ठरते. बाजारात जावे तर मुलाखतीत कोड लिहायला सांगतात. कायद्याकडे जावे तर म्हणतात, तुमच्या पदनामात मॅनेजर आहे. एकाच बढतीने तिचे हातचे काम आणि तिचे कायद्याचे छत्र, दोन्ही काढून घेतलेले असते. पेढे वाटताना हे कुणालाच माहीत नव्हते.

प्रत्यक्षात ही ‘मॅनेजर’ काय ठरवू शकते? तिला कुणाला नोकरीवर घेता येत नाही, काढता येत नाही. पगारवाढ किती द्यायची हे वरून येते. हाताखालच्यांचे रेटिंगही ती सुचवते आणि ते बदलून परत येते. दोन दिवसांची रजा तेवढी मंजूर करते, तीही पोर्टलवरच्या बटणाने. यात व्यवस्थापनाचा अधिकार कुठे आहे? न्यायालयांनी अनेक वर्षांपासून सांगितले आहे की पदनाम काय आहे यावर नव्हे, तर मुख्यतः काम काय आहे यावर माणूस कामगार आहे की नाही हे ठरते. चेन्नईत हे सिद्धही झाले. तिथल्या एका अभियंत्याला २०१५ मध्ये टीसीएसने काढले होते. तो व्यवस्थापकीय श्रेणीत येतो, असे कंपनीचे म्हणणे होते. २०२२ मध्ये कामगार न्यायालयाने तो कामगारच आहे असे ठरवून त्याला वेतन आणि लाभांसह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याला सात वर्षे लागली.

सात वर्षे, महोदय. या क्षेत्रात सात वर्षांत एक अख्खी तंत्रज्ञानाची पिढी बदलते. घराचा हप्ता सात महिनेही थांबत नाही. म्हणूनच काचेच्या खोलीत सहा वाजायच्या आत बटण दाबले जाते.

दुसऱ्या टोकालाही तेच आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक नवख्यांना कमी करण्यात आले. ‘नाइट्स’ संघटनेच्या मते ही संख्या त्याहून बरीच मोठी होती. त्यांतली अनेक मुले २०२२ च्या तुकडीतली, ऑफर लेटर हातात घेऊन दोन वर्षे रुजू होण्याची वाट पाहिलेली. अंतर्गत परीक्षेत तीन संधींनंतरही उत्तीर्ण झाली नाहीत, असे कंपनीने सांगितले. ही मुले प्रशिक्षणार्थी होती, नियमित कर्मचारी नव्हती, अशी भूमिका कर्नाटकच्या कामगार विभागातून पुढे आली. म्हणजे पहिल्या वर्षी माणूस कामगार नसतो कारण तो ट्रेनी असतो, आणि पंधराव्या वर्षी नसतो कारण तो मॅनेजर असतो. मधली काही वर्षे तो कामगार असतो, पण तेव्हा त्याला कुणी काढत नाही. तो स्वस्त असतो.

यात आयटीतल्या माणसांचीही बाजू तपासावी लागेल. स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला त्यांना आवडत नाही. वडील कामगार होते, आपण प्रोफेशनल आहोत, ही भावना खोल आहे. युनियन म्हटले की गेटसमोरचा मंडप आणि घोषणा डोळ्यासमोर येतात, आणि गिरणगावाची आठवण तर घरोघरी आहे. १९८२ च्या गिरणी संपाने अडीच लाख माणसांचे काय झाले ते त्यांच्या घरातल्यांनी पाहिले आहे. शिवाय नोकरीत सगळे ठीक चालले असताना संघटनेकडे कोण जातो? काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर जातो, आणि तेव्हा हातात स्वतःच्याच सहीचा राजीनामा असतो.

नोकरी किती अशाश्वत आहे, हे बेंचवरची माणसे जास्त जवळून जाणतात. एक प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही की माणूस बेंचवर येतो. पूर्वी ही थोड्या विसाव्याची, काही नवे शिकायची जागा असे. २०२५ च्या जूनपासून टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असले पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. प्रकल्प मिळवण्याची मुख्य जबाबदारीही कर्मचाऱ्याची. धंदा ग्राहकाकडून कंपनीने आणायचा असतो, तो कर्मचाऱ्याने आणायचा नसतो. पण पस्तिसावा दिवस त्याच्या नावावर लिहिला जातो. ऑफिसच्या कॅफेटेरियात सकाळी दहाला लॅपटॉप उघडून एकामागून एक अंतर्गत मुलाखती देणारी, चहा थंड होऊ देणारी चाळिशीतली माणसे हिंजवडीत जाऊन कुणीही पाहावीत.

नोकरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात जी गोष्ट बोचते ती पगाराची नसते, मेडिक्लेमची असते. कंपनीच्या गटविम्यात आईवडील असतात. शेवटच्या दिवशी तो विमा संपतो. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या वडिलांसाठी नवी पॉलिसी घ्यायची तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, पण काचेच्या खोलीत ती कुणी सांगत नाही. आणि त्या क्षणी विचारायचे सुचतही नाही. जे अमेरिकेत आहेत त्यांची कोंडी निराळी. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी मुलाला नोकरी गेल्यापासून साठ दिवसांत दुसरी मिळवायची किंवा देश सोडायचा.

तरी त्याच अमेरिकेत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे कामावरून काढणे सोपे आहे, तिथला कायदा कर्मचाऱ्याला फार जपतो असे नाही. पण शंभर किंवा अधिक माणसांच्या कंपनीला मोठी कपात करायची तर साठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, कर्मचाऱ्यांना आणि राज्य सरकारलाही. कॅलिफोर्निया सरकार या सूचनांची यादी प्रसिद्ध करते: कंपनीचे नाव, ठिकाण, तारीख, किती माणसे. कोणीही ती वाचू शकतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या बलाढ्य कंपन्या या यादीमुळे राज्य सोडून पळाल्या नाहीत. आपल्या शेजारी कर्नाटकातही आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट देताना निलंबन, बडतर्फी आणि सेवासमाप्तीची माहिती कामगार विभागाला कळवण्याची अट घातलेली आहे. ती किती पाळली जाते हा वादाचा विषय आहे, पण अट निदान लिहिलेली आहे.

महाराष्ट्र काय करू शकतो? खाजगी आयटी कंपन्यांसाठी समुचित शासन हे राज्य शासनच आहे. हे दिल्लीकडे बोट दाखवून टळणारे नाही. संहितांखालचे नियम राज्याने करायचे असतात, निरीक्षक राज्याचे असतात, समेट अधिकारी राज्याचे असतात.

तेव्हा पहिली मागणी अशी की राजीनामे मोजायला सुरुवात करा. एखाद्या आस्थापनेत एका तिमाहीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त राजीनामे आले, आणि त्यांत नोटीस पिरियड न करता त्याच दिवशी मोकळे केलेले जास्त असतील, तर त्या आस्थापनेने कामगार विभागाला तपशील कळवावा. याहून साधी खूण दुसरी नाही. नव्वद दिवसांची नोटीस हा या क्षेत्राचा प्रघात आहे. स्वतःहून जाणाऱ्या माणसाला कंपन्या त्यातला एक दिवस सोडायला तयार नसतात, पुढची नोकरी हातची गेली तरी. मग त्याच कंपनीत सोळा वर्षे नोकरी केलेला माणूस चारला बोलावला जातो आणि सहाला मोकळा होतो, हा राजीनामा कसला? ती कपात आहे, आणि ती कपात म्हणून नोंदली गेली की बाकीची कलमे आपोआप जागी होतात.

दुसरे, दिलेला राजीनामा काही दिवसांत विनाअट मागे घेण्याची मुभा नियमांत लिहून द्यावी. पंधरा दिवस पुष्कळ झाले. माणसाला घरी जाऊ द्या, बायकोशी, नवऱ्याशी, एखाद्या वकिलाशी बोलू द्या. ज्याला खरेच जायचे आहे तो जाईलच. व्हीआरएसवाल्या वडिलांना चार दिवस मिळाले होते.

तिसरी गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावरची आहे. तक्रार घेऊन आलेल्याला ‘तुम्ही मॅनेजर आहात’ म्हणून दारातूनच परत पाठवू नये. त्याच्या हाती कोणते अधिकार होते, हे कंपनीने सिद्ध करावे, अशी स्पष्ट सूचना परिपत्रकाने जावी. चेन्नईच्या निकालामागचे तत्त्व जुने आहे. ते प्रत्येकाने सात वर्षे लढून नव्याने मिळवायचे का?

२०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने खाजगी आस्थापनांत दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा हा हेतू सांगितला गेला. उद्योगांना लवचिकता हवी हे मान्य. मग ज्यांच्या दिवसातला एक तास त्या लवचिकतेसाठी मागितला आहे, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची नोंद खरी असावी, एवढे मागणे जास्त होत नाही.

नासकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या क्षेत्राची उलाढाल २८३ अब्ज डॉलरच्या घरात होती आणि त्यात सुमारे ५८ लाख माणसे काम करत होती. त्यांतली पुण्या-मुंबईतली माणसे मोठ्या संख्येने पहिल्या पिढीची पगारदार आहेत. शेती विकून, सोने गहाण ठेवून शिकलेली आहेत. त्यांना फुकटची नोकरी नको आहे. त्यांना खोटा राजीनामा नको आहे.

सोळा वर्षे नोकरी केलेला तो अभियंता अजून वाकडलाच राहतो. सध्या एका लहान कंपनीत कंत्राटावर आहे, पूर्वीच्या साठ टक्के पगारावर, आणि रात्री मुलगी झोपल्यावर पुन्हा कोड लिहायला शिकतो आहे. कामगार विभागाला द्यायचा अर्ज त्याने दोनदा लिहिला. पहिल्यांदा रागात चार पाने, मग शांतपणे एक पान. त्या एका पानावर गुरुवारची तारीख आहे, खोलीत कोण होते ते आहे, चार ते सहाचा हिशेब आहे. तो अर्ज त्याने अजून दिलेला नाही. कंत्राट संपल्यावर जिथे जाईल तिथे पुन्हा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होईल, आणि तेव्हा जुनी कंपनी फोनवर काय सांगेल, ही भीती आहे. नव्या संहितेत असा वाद नेण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. आपल्या खात्याने परिपत्रक काढले, तर तो अर्ज दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या कार्यालयात येईल. त्याची सही करून झाली आहे. फक्त वरची तारीख कोरी आहे.

कळावे.